देवीपुढच्या तीन चिठ्ठ्या

त्या वर्षीचा संभाव्यतेचा पहिला तास मी घेतला तेव्हा नाणं खाली पडलंच नाही.

अहो, थट्टा नाही. बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेची इमारत जुनी. अकरावीच्या वर्गावर कौलं आणि खाली आडव्या तुळया. मी मोठ्या ऐटीत नाणं अंगठ्यावर घेतलं, पोरांना म्हणालो, "बघा, दोनच गोष्टी होऊ शकतात. छापा नाहीतर काटा," आणि दिलं उडवून. नाणं वर गेलं, तुळईवर टणकन वाजलं आणि तिथंच बसलं. वर्ग वर बघतोय, मीही वर बघतोय. उभ्या नोकरीत मी इतका बावळट कधी दिसलो नसेन. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तिसरंही होऊ शकतं."

ही शांता. इच्छापूरच्या वामन पाटलांची थोरली मुलगी. गावात पुढची शाळा नाही म्हणून ती आणि तिची धाकटी बहीण मालू बुऱ्हाणपुरात मामाकडे राहून शिकत होत्या. संपादकांनी अध्यापनातले अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नकोच म्हणत होतो. इतिहासाच्या मास्तराला सांगायला लढाया असतात. आमच्याकडे काय, नापास पोरांचे बाप. पण या दोन बहिणींचं जे झालं ते आजही डोक्यातून जात नाही. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

तो काळच विचित्र होता. राज्यांची फोडाफोड आणि जोडाजोड नुकतीच झालेली. आमची राजधानी नागपूर. ते एका रात्रीत पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो आणि हुकूम भोपाळहून यायला लागले. चार मुलखांतले मास्तर एका रांगेत बसवायचे, त्याला 'एकीकरण' म्हणत. त्यात कोण वरचा आणि कोण खालचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पुस्तकं बदलली, त्यांतले शब्दही बदलले. आम्ही 'संभाव्यता' म्हणायचो, नव्या पुस्तकात 'प्रायिकता' आली. आमच्या मराठी पोरांची जीभ तिथं अडखळायची. सहामाहीला एकाने चक्क लिहिलं, 'खालील उदाहरणात प्रायश्चित्त काढले.' मी लाल शाईने शेरा मारला, 'काढू नकोस, घे.'

ज्यांचा गणिताशी छत्तीसचा आकडा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संभाव्यता म्हणजे भविष्य नव्हे. हे मला दर वर्षी घसा कोरडा करून सांगावं लागायचं, कारण दर वर्षी एखाद्या पोराचा काका आकडा विचारायला यायचाच. उद्या काय होणार हे ती सांगत नाही. काय काय होऊ शकतं ते आधी मांडायचं, त्यातलं आपल्याला हवं ते किती ते बघायचं आणि भागायचं. पिशवीत चार गोट्या, एक लाल, तर लाल हाती लागायची शक्यता चारात एक. एवढंच. अट इतकीच की प्रत्येक गोटीला सारखा वाव पाहिजे. पाणी मुरतं ते इथं.

वर्गात गणपत म्हणून एक केळीवाल्याचा पोरगा होता. तो म्हणायचा, "सर, कोनतीबी गोष्ट होते, नई तं नई होत. मंग प्रत्येकाची अर्धीच ना?"

मी विचारलं, "तू पास होशील का?"

"अर्धी, सर."

"आणि मी उद्या राष्ट्रपती होईन का?"

"तीबी अर्धीच."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी फोडलेले चिंचोके घेऊन गेलो. एक बाजू पांढरी सपाट, दुसरी काळी फुगीर. पोरीबाळी त्यांचेच फासे करून पट खेळतात. बाजू दोनच. म्हटलं, उडवा आणि मोजा. पोरांनी तासभर उडवले. दोन्ही बाजू काही सारख्या पडेनात. "दोनच आहेत म्हणून अर्ध्या-अर्ध्या होत नाहीत, कळलं का रे?" असं मी गणपतला विचारलं. तो चिंचोक्याकडे टक लावून बसला होता. म्हणाला, "मंग आमी घरी इतके दिवस खेळलो ती लुच्चेगिरीच झाली." मी चाट पडलो. इतकं बरोबर उत्तर मला अपेक्षितच नव्हतं.

शांताला असलं काही समजावून द्यावं लागायचं नाही. तिला उदाहरण घातलं की ती आधी मान खाली घालून गप्प बसायची, मग एक आडवी रेघ ओढायची आणि उत्तर लिहायची. मधल्या पायऱ्या दाखव म्हणून मी तिला कितीदा रागावलो असेन. मनातून मात्र वाटायचं, ही पोरगी खंडव्याला कॉलेजात गेली पाहिजे. बीएस्सी केलं तर ही मला शिकवील.

परीक्षा तोंडावर आली आणि शांताचे मामा शाळेत आले. सुताचे व्यापारी, अगदी मऊ माणूस. म्हणाले, "मास्तर, भावजी आलेत गावाहून. पोरीचं काय करायचं ते ठरवताहेत. तुम्ही दोन शब्द बोललात तर बरं."

मी गेलो. वामन पाटील ओसरीवर बसले होते. उंच, वाळके, मोजकं बोलणारे. केळी आणि कपाशी, खाऊनपिऊन सुखी घर. मी चांगलं लांबलचक भाषण दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, पोरगी हुशार आहे, ते मले दिसते," ते म्हणाले. "पन एकटी खंडव्याले ठेवायची म्हंजे लोकं काय म्हनतीन?"

"लोकांचं राहू द्या. तुमचं म्हणणं काय?"

"माहं काई नई. मी हव म्हनत नई, ना म्हनत नई. देवी सांगीन तसं."

मग त्यांनी मला त्यांच्या घरची रीत सांगितली. विहीर खणायची असो की सून आणायची, इच्छापूरच्या देवीपुढे तीन चिठ्ठ्या ठेवायच्या. एकीवर एक वाट, दुसरीवर दुसरी, तिसरी कोरी. ज्याचा घराशी काडीचा संबंध नाही अशा परक्या माणसाने लिहायच्या. घरातल्या कुवार मुलीने डोळे मिटून एक काढायची, मात्र जिच्याबद्दल विचारलंय तिने नाही. शिक्षण आलं तर शिक्षण, लग्न आलं तर लग्न. कोरी आली तर देवी बोलत नाही, वर्षभर थांबायचं आणि पुन्हा विचारायचं.

मी हादरलो. वर्गात रोज पिशवीतून गोट्या काढणारा माणूस मी. पण पिशवीत जिवंत मुलगी ठेवलेली कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शांताला थांबवून घेतलं. रात्रभर डोकं चालवून मी हिशेब करून आणला होता आणि खरं सांगतो, त्या हिशेबावर मी खूश होतो. फळ्यावर मांडलं. यंदाच शिक्षणाची चिठ्ठी यायची शक्यता तीनात एक. यंदा कोरी आणि पुढच्या वर्षी शिक्षण, याची नवात एक. दोनदा कोरी येऊन मग शिक्षण, याची सत्ताविसात एक. अशी ही माळ कितीही लांबवा, सगळ्यांची बेरीज बरोबर अर्धी होते. "बघ," मी म्हणालो, "तीनात एक वाटते, पण शेवटाला जाऊन अर्ध्याला अर्धा आहे. इतकं वाईट नाही."

ती म्हणाली, "सर, हे हजार मुलींचं गणित आहे ना? पाचशे जातील, पाचशे राहतील."

"हो."

"मी एकटीच आहे. अर्धी खंडव्याला पाठवणार का?"

इतकी वर्षं मी हा धडा शिकवला, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी फळा पुसला आणि तिला घरी जा म्हटलं.

ठरलेल्या दिवशी वामनरावांनी मलाही बोलावलं. "तुमी चिठ्ठ्यांचं गनित शिकवता म्हने, या बघाले." यात टोमणा होता की मान, मला अजून कळलेलं नाही. देवीच्या पायऱ्या चढताना शांता मामांबरोबर मागे चालत होती. बडबड सगळी मालूची. ती नववीत होती, माझ्याच शाळेत. गणितात यथातथा, पण अख्ख्या शाळेला हसवणारी. कुंकवाचा रिकामा करंडा तिने दोन्ही हातांनी धरला होता, कारण चिठ्ठी तीच काढणार होती.

"सर, काढणारी मी, म्हणजे ताईला पास करणारी मीच ना?" तिने विचारलं.

"डोळे मिटून काढायची आहे, मालू."

"म्हणजे नापास झाली तरी माझ्यावर नाही," ती म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेली.

वर देवळात खंडव्याकडचं एक जोडपं दर्शनाला आलेलं होतं. गृहस्थाच्या खिशाला पेन. वामनरावांनी त्यांना बाजारच्या हिंदीत गळ घातली, "बाबूजी, एक पे पढाई लिखो, एक पे शादी लिखो, एक कोरी रहने दो." त्या भल्या माणसाने हौसेने, वळणदार अक्षरात लिहिलं, घड्या घातल्या, चिठ्ठ्या करंड्यात टाकल्या आणि बायकोला घेऊन पायऱ्या उतरून गेला. वामनरावांनी करंडा हलवला. मालूने डोळे गच्च मिटले. इतके गच्च की तिचं नाक वर गेलं. तिने हात घातला आणि एक चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली.

वामनरावांचं शिक्षण मराठी चौथी. त्यांनी घडी उघडली आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. "शि... क्षा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिथंच फरशीवर बसले.

मी घाबरलो. वाटलं, घेरी आली. "वामनराव, काय झालं?"

"देवीनं मले शिक्षा देली," ते म्हणाले.

बघा कसं आहे. बाजाराची हिंदी आमच्याकडे शेळीराख्या पोरालाही येते. पढाई, शादी, भाव, तोल, सगळं. पण शिक्षणाला हिंदीत 'शिक्षा' म्हणतात हे त्या दिवसांत भोपाळच्या कागदांवरच दिसायचं. ते वामनरावांपर्यंत कुठून पोचणार? आणि त्या गृहस्थाला पढाई, शादी हे शब्द देवीपुढे हलके वाटले असतील. त्याने आपले शुद्ध शब्द लिहिले. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा. छडी, दंड, तुरुंग.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वामनरावच बोलायला लागले. माझ्याकडे बघून नाही, देवीकडे बघून.

"माय, तुह्यापुढे खोटं वागलो. सुपारी फुटली. रावेरकडच्या पाव्हन्यांले मी शब्द देऊन बसलो. मंग तुले कशाले विचारलं? लोकाईले दाखवाले. पोरीले वाटावं, देवीनंच सांगतलं."

मामांनी डोळ्यांपुढे हात धरला. म्हणजे मी रात्र जागून जी तीनात एक मांडली होती ती कुठंच नव्हती. करंड्यात तीन चिठ्ठ्या ठेवा की तीनशे, निकाल आधीच लागलेला. कोरी आली असती तर पुन्हा ठेवल्या असत्या, शिक्षणाची आलीय हे कळलं असतं तर काही तरी खोट काढली असती. मला संताप आला. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण समोर तो लहान मुलासारखा रडत होता.

शांता जवळ गेली. ती गप्प राहिली असती तर भीतीनेच बापाने पाव्हण्यांना नकार कळवला असता, आणि हे तिच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तरी ती म्हणाली, "बाबा, ही शिक्षा ती नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पढाई."

त्यांनी मान वर केली. दुसऱ्या घड्या उघडल्या. एकीवर 'विवाह', एक कोरी. तिन्ही कागद त्यांनी मांडीवर ओळीने मांडले. मग मला विचारलं, "मास्तर, देवी मराठीत बोलते का हिंदीत?"

भोपाळच्या इन्स्पेक्टरनेही मला इतका अवघड प्रश्न कधी विचारला नाही. मी म्हणालो, "वामनराव, देवी बसलीय सीमेवर. तिला दोन्ही येत असतील."

ते हसले नाहीत. त्यांनी ते खरं धरलं. "मंग दोन्ही खरं," ते म्हणाले. "तुले शिक्षन, मले शिक्षा. शब्द मी देला, मोडाले मीच जाईन. पाव्हने जोड्यानं मारतीन तं खाईन." त्यांनी शांताच्या डोक्यावर हात ठेवला. मघाशी ज्याचा गळा धरायला निघालो होतो त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मालू सगळ्यांना सांगत होती, "मी काढली ना पण बरोबर?" उतरताना तिने मला पेढा दिला आणि माझ्याच हातातला अर्धा परत खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मामा शाळेत आले. मी उठून त्यांचा हात धरला. विचारलं, "झालं ना निस्तरून?"

"झालं," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "लग्न ठरलं."

"अहो, पण वामनराव तर शब्द मोडायला गेले होते."

"गेले होते. पाव्हणे रागावले नाहीत. पाटावर बसवलं, चहा दिला. म्हणाले, सुपारी तुमच्या घराची फुटली आहे, एका पोरीची नाही. थोरली देवीने ठेवून घेतली ना, मग धाकटी द्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मालू. नववीतली.

"आणि ते हो म्हणाले?"

"मार खायच्या तयारीनं गेलेला माणूस, मास्तर. चहा मिळाला. त्यांना वाटलं, देवीनं शिक्षा माफ केली."

वामनराव मामांकडेच उतरले होते; मी त्याच संध्याकाळी तिथं गेलो. आवाज चढवला, कायदा सांगितला, वय विचारलं. वामनराव म्हणाले, वयात बसते. ते खरं होतं, जेमतेम; तेव्हा कायद्याला मुलीची पंधरा वर्षं पुरायची. माझ्याआधी शांता भांडून थकली होती. तिने बापापुढे पदर पसरला होता, मी जाते रावेरला, मालूला शिकू द्या. तर बाप म्हणाला, "देवीनं तुहं नाव शिक्षनात टाकलं. आता तिचा शब्द मोडू?" त्यांच्या डोळ्यांत जराही लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी भांडलो असतो. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा देवीचं खरं मानायची बुद्धी झाली होती, त्याच्याशी आणखी काय भांडणार? मी चहा न घेता उठलो.

शांता पुढे खंडव्याला गेली, शिकली, कॉलेजात गणित शिकवायला लागली. माझ्या नोकरीत अभिमानाने सांगावं असं एखादंच नाव असेल तर ते तिचं. ती भेटली की आम्ही गणितावर तासन्‌तास बोलतो. मालूचा विषय दोघंही काढत नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, मालूचा शाळेचा दाखला काढायला मामा आले होते त्या दिवसाचं.

मामा हेडमास्तरांच्या खोलीत होते. मी अकरावीवर तास घेत होतो. शांताचाच वर्ग, पण ती त्या दिवशी आली नव्हती. दाराशी कुणी तरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळून पाहिलं, तर मालू. नवं पातळ नेसलेली. ते तिला लांब होत होतं म्हणून एका हाताने निऱ्या उचलून धरल्या होत्या. पोरं तिच्याकडे बघून हसायला तयार झाली, नेहमी हसवायची ना ती. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. फळ्यावर मी पिशवी आणि गोट्या काढल्या होत्या, त्या बघत होती.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. म्हटलं, "काय गं मालू?"

"सर, तुम्ही शिकवता ना, आधी काय काय होऊ शकतं ते सगळं मांडायचं? ताई सांगते."

"हो."

"मग त्या तीन चिठ्ठ्यांत माझी कोणती होती?"

मामा दाखला घेऊन आले. तिने निऱ्या सावरल्या आणि त्यांच्यामागे गेली.